फक्कीबाईची रेघ

मैदानावर ज्या पांढऱ्या भुकटीनं रेघा आखतात तिला फक्की म्हणतात, हे शाळेत धावण्याच्या शर्यतीत ज्यानं शेवटचा नंबर काढला आहे त्याला सांगायला नको. भाऊच्या थोरल्या बहिणीनं जन्मभर ही फक्की टाकली. खेळाच्या बाई म्हणून ती शाळेत लागली आणि खेळाच्या बाई म्हणूनच निवृत्त झाली. मधल्या काळात मुख्याध्यापक आले नि गेले, पण मैदान आखायचं काम तिनं कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही, निवृत्तीनंतरही नाही. दोरी ताणायची, खुंट्या ठोकायच्या आणि फक्कीचा डबा हलवत उलट्या पावलांनी मागे मागे यायचं. घरी यायची ती गुडघ्यापर्यंत पांढरी होऊन. पोरांनी तिचं नाव ‘फक्कीबाई’ पाडलं. कानावर आलं तेव्हा ती वर्गात म्हणाली, "पाडलंच आहे तर मोठ्यानं म्हणा. पाठीमागे पुटपुटायचं असेल तर दुसरं काहीतरी शोधा." तेव्हापासून पोरं तोंडावर म्हणायला लागली आणि तीही ‘ओ’ द्यायला लागली.

भाऊ बसचा ड्रायव्हर. बहीणभावंडांच्या स्वभावात जमीनअस्मानाचं अंतर. ताई नाकासमोर चालणारी, आणि भाऊ म्हणजे वाटेत चार माणसं भेटली नाहीत तर दिवस फुकट गेला असं मानणारा. त्याची बस शाळेच्या फाटकासमोर थांबायची तेव्हा तो खिडकीतून ओरडायचा, "ताई, अगं ती रेघ वाकडी आली बघ!" रेघ कधीच वाकडी नसायची. तरी ती दरवेळी मान वळवून बघायचीच, आणि अख्खी बस हसायची.

पुढे भाऊचे डोळे गेले. काचबिंदूनं हळूहळू दोन्ही बाजूंनी पडदे ओढत आणले आणि पन्नाशी उलटली तेव्हा खेळ संपला. बायको आधीच गेलेली, एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. ताई लग्नाच्या भानगडीत पडलीच नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळापत्रकात बसलं नाही." तिनं एका रविवारी भाऊचं सामान स्वतःच्या घरी आणलं, मागची खोली त्याला दिली आणि म्हणाली, "दारापासून पलंग सात पावलं, पलंगापासून संडास अकरा. पाठ कर." सांत्वन करणं तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

पण डेपोच्या साहेबांना जाऊन भेटली तीच. ज्या माणसाला सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत त्याला घरी बसवून ठेवणं हा मूर्खपणा आहे, हे तिनं साहेबांना त्यांच्याच खुर्चीसमोर उभं राहून सांगितलं. भाऊ चौकशीच्या फोनवर बसायला लागला. आणि तिथं तो असा फुलला म्हणून सांगू! गाडीची वेळ विचारणाऱ्याला तो वेळ तर सांगायचाच, वर ऊन कुठल्या बाजूला येईल, मधे चहा कुठं बरा मिळेल, हेही सांगायचा. डोळे गेल्यावर जे काही त्याचं म्हणून उरलं होतं ते त्या टेबलावर होतं. घर ते डेपो हा रस्ता तो एकटा जायचा. हातात पांढरी काठी, एका कानात फोनमधल्या, रस्ता सांगणाऱ्या बाईचा आवाज, दुसरा कान रस्त्याला.

त्या फोनमधल्या बाईमुळेच ताई नकाशांच्या नादी लागली.

झालं असं, की त्या बाईला आपल्या भागातला फक्त मोठा रस्ता ठाऊक होता. गल्ल्या, बोळ, पायऱ्या, काही नाही. ताईनं शोध लावला, की हा नकाशा कुठलं सरकार काढत नाही, साधी माणसं हौसेनं काढतात, आणि कुणीही त्यात भर घालू शकतं.

"कुणीही?" तिनं भाचीला फोनवर विचारलं.

"कुणीही, आत्या."

"तरीच!"

आणि दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः काढायला बसली.

कामाची रीत तिनं मैदानावरचीच ठेवली. ज्या टेपनं मोजायचं तो टेप आधी मोजून बघायचा. म्हणून पहिले काही दिवस ती नकाशाकडे वळलीच नाही, फोनचीच परीक्षा घेत बसली. मैदानावर शर्यत जिथं संपते त्या रेघेच्या टोकावर फोन ठेवायचा, हलवायचा नाही, आणि तो ‘मी इथं आहे’ म्हणून कुठली जागा सांगतो ते बघायचं. सकाळी एक जागा, दुपारी दुसरी, उद्या तिसरी. साधा फोन जीपीएसवर चार-पाच मीटर इकडंतिकडं भटकतोच, भिंतीजवळ ठेवला तर जास्तच, कारण आकाशातून येणारे इशारे भिंतीवर आपटून उशिरा पोचतात. पण खूपदा ठेवला, की त्या सगळ्या भटकंतीचा मध्य बरोबर जागेवर येतो. ताईला हे फार आवडलं. "एक पोरगं खोटं बोलेल," ती म्हणाली, "पण अख्ख्या वर्गाला विचारलं की खरं काय ते कळतं."

मग फोटो. घरं आणि गल्ल्या चालत जाऊन मोजायच्या तर जन्म जायचा, म्हणून हौशी मंडळी विमानातून काढलेला फोटो कॉम्प्युटरवर खाली अंथरतात आणि त्यावरून गिरवतात. भाऊला काही केल्या कळेना, की फोटोच समोर असेल तर चुकायचं काय राहिलं? तेव्हा ताईनं त्याचे दोन्ही हात धरून जेवणाच्या टेबलावर ठेवले. वर फुलांचं भरतकाम केलेला टेबलक्लॉथ होता.

"टेबल म्हणजे जमीन. कापड म्हणजे फोटो. हे फूल म्हणजे आपलं घर. आता टेबलाचा कोपरा चाचप." तिनं कापड चार बोटं ओढलं. "घर कुठं गेलं?"

"कोपऱ्याबाहेर लोंबतंय."

"घर गेलं नाही. कापड सरकलं. सगळे फोटो असे थोडेथोडे सरकलेले येतात. गिरवण्याआधी कापड जागेवर ओढून घ्यायचं, नाहीतर सगळं गाव शेजारच्याच्या अंगणात."

"आणि कापड बरोबर जागेवर आहे हे कशावरून समजायचं?"

"जी खूण फोटोतही दिसते आणि जमिनीवरही आपल्याला पक्की माहीत असते, ती फोटोतली जमिनीवरच्या जागेवर बसवायची." मग जरा थांबून, आणि आवाजात जो काही डौल आला तो भाऊला न बघताही दिसला, "मी माझी रेघ घेतली."

फोटोत शाळेचं मैदान दिसत होतं आणि त्यावर तिच्या हातची पांढरी रेघ. खाली जमिनीवर तीच रेघ, तिच्या फोननं शेकडो वेळा मोजलेली. तिनं फोटो ओढला, रेघ रेघेवर बसवली आणि गाव गिरवायला घेतलं. दोन वर्षं ती हे करत होती. हात उंच करून फोन धरलेली, उन्हात बोळाबोळांतून चालणारी बाई बघून लोकांना वाटलं निवृत्तीनंतर हिचं डोकं फिरलं. तिनं पर्वा केली नाही. पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला, उघडं गटार कुठं, हेही ती नकाशात टाकायची. भाऊच्या कानातली बाई दिवसेंदिवस शहाणी होत गेली. गावातली आणखी हौशी मंडळी या कामात आली, आणि सगळ्यांनी ताईनं जिथं फोटो बसवला होता तिथंच आपला फोटो बसवला. फक्कीबाईंनी मोजलंय म्हटल्यावर कोण पुन्हा मोजतो?

एकानं मोजलं. लांबच्या गावचा कुणी दंतवैद्य, या हौशी मंडळींत ‘कासव’ या नावानं वावरणारा. त्यानं नम्रपणे लिहिलं, की तुमच्या गावातून गेलेल्या सायकलवाल्यांच्या जीपीएसच्या खुणा सगळ्या रस्त्यांच्या एकाच बाजूला पडतात, फोटो एकदा पुन्हा जुळवून बघावा. ताईनं उत्तर पाठवलं आणि भाऊला मोठ्यानं वाचूनही दाखवलं: "आपण आमच्या मैदानावर उभे राहिला आहात काय? मी तीस वर्षं उभी आहे. उंटावरून शेळ्या हाकणं बंद करावं."

भाऊ पोट धरून हसला. नंतर त्याला त्या हसण्याची लाज वाटली, पण ते नंतर.

डेपोचा नेहमीचा रस्ता पाइप टाकायला उकरला, आणि भाऊला मागच्या बाजूनं जावं लागलं. तिथं दोन गल्ल्या शेजारी शेजारी, अगदी पाठीला पाठ लावून. एक डेपोकडे जाते, दुसरी सुताराच्या आवारात जाऊन संपते. फोनमधली बाई म्हणाली, डावीकडे वळा. भाऊ वळला. ती म्हणाली, सरळ चला. तो चालत राहिला आणि रचलेल्या फळ्यांच्या चळतीवर कपाळानं आपटला. वरच्या दोन फळ्या अंगावर आल्या. सुतार धावत आला, रक्त पुसलं, पाणी दिलं, आणि भाऊच्या खिशातल्या कार्डावर जो नंबर होता तो लावला. नंबर लेकीचा होता.

लेक वाईट नव्हती, हे आधी सांगून ठेवायला हवं. बापाला दूर ठेवून झोप न येणारी पोर होती, आणि तिनं खूप दिवस दम धरला होता. आता मात्र तिनं सरळ सांगितलं, "बाबा, महिनाअखेर मी येते. सामान बांधून ठेवा. इथं माझ्याजवळ राहा. नोकरी पुरे झाली."

"अगं, माझं लक्ष नव्हतं," भाऊ म्हणाला. "चूक माझी. बाई सांगत होती एक नि मी ऐकलं दुसरंच."

"तेच म्हणते मी. आज फळ्या होत्या, उद्या ट्रक असेल."

लेकीकडे गेला तर त्याला दोन वेळ आयतं जेवण मिळालं असतं, नातवंडं मिळाली असती, आणि सकाळी कपडे करून कुठं जायचं हा प्रश्न कायमचा सुटला असता. त्या शेवटच्या सुखाच्या कल्पनेनंच त्याची पाचावर धारण बसली. पण त्यानं लक्ष नव्हतं हे जे सांगितलं, ते खोटं होतं. लक्ष पूर्ण होतं. बाईनं सांगितलं तिथंच तो वळला होता.

हे त्यानं ताईला सांगितलं, फक्त ताईला. तिनं त्याचा फोन हातात घेतला, उलटासुलटा केला. मग म्हणाली, "फोनच बिघडलाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं शिक्षकांचे फोन गोळा केले. मागितले म्हणणं चूक होईल, गोळाच केले. सगळे रेघेवर एका रांगेत मांडले, भाऊचा फोन मधे. शिपायाला पहाऱ्यावर ठेवलं आणि भाऊला खुर्ची दिली. शिपाई वैतागून म्हणाला, "बाई, हे शर्यतीला कधी सुटणार?" ताई तास-दीड तास बघत राहिली, मग टाळी वाजवून ओरडली, "बघ! सगळ्यांचा मध्य अगदी माझ्या रेघेवर. फोटोतही तिथंच. फोन चांगला, रेघ चांगली!"

"मग मी फळ्यांवर कसा आपटलो?"

तेच सगळे फोन पिशवीत भरून ती त्या दोन गल्ल्यांच्या तोंडाशी गेली. शिक्षक बिचारे शाळेत आपापले फोन आठवत बसले. तिथं मात्र सगळे फोन एकमुखानं सांगायला लागले, की आम्ही या गल्लीत नाही, शेजारच्या गल्लीत आहोत. पुलाच्या टोकाला गेली, तिथंही तेच. चौकात, तेच. सगळे त्याच दिशेला, तेवढेच सरकलेले. रोजच्या वापरात कुणाला पत्ता लागला नव्हता, कारण डोळस माणसं मोठी आळशी असतात. सहा-सात मीटर इकडंतिकडं झालं तरी ती पाटी बघतात आणि वळतात. ज्याला पाटी दिसत नाही तोच फळ्यांवर जाऊन आदळतो.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भांडी नको तितक्या जोरानं घासत होती. "सगळ्या गावात बिघाड," ती म्हणाली, "आणि एकट्या माझ्या मैदानावर बरोबर. असं कसं होईल?"

भाऊ टेबलाशी बसला होता आणि त्याला एकदम कळलं असं कसं होईल ते. कळलं आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

तो बस घेऊन शाळेच्या फाटकासमोर थांबायचा तेव्हा शर्यतीची शेवटची रेघ फाटकाच्या बरोबर मधोमध यायची. खिडकीतून थेट नजर जायची. आणि मग एका वर्षी ती रेघ फाटकाच्या खांबाआड गेली. त्या वर्षी मैदानाखालचा पाण्याचा पाइप फुटून एक कोपरा खचला होता, आणि ताईनं सगळा ट्रॅकच उचलून काही पावलं पलीकडे आखला होता. पुढं दरवर्षी तिथंच. जुनी जागा गवताखाली गेली आणि लोक विसरले, ती आखणारीही विसरली. विमानातला फोटो जर त्याआधीचा असेल, तर त्यात दिसते ती रेघ ही नव्हेच. एक रेघ फोटोतली, दुसरी जमिनीवरची, आणि ताईनं दोन्ही आपल्याच म्हणून एकीवर एक बसवलेल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या कुणाची रेघ असती तर तिनं दहादा तपासली असती. पण आपला तो बाब्या!

सांगावं की नाही? मूग गिळून बसलं तर लेकीकडे जावं लागणार. सांगितलं तर तीस वर्षांत जिची रेघ कधी वाकडी आली नाही, तिला ते तिच्याच भावाच्या तोंडून ऐकावं लागणार, ज्यानं जन्मभर खिडकीतून थट्टा केली.

"ताई, आमच्या लायनीत एक म्हण आहे. सगळी बस ओरडतेय की गाडी चुकीच्या रस्त्याला लागली, आणि एकटा ड्रायव्हर म्हणतोय बरोबर आहे, तर समजावं की ड्रायव्हर चुकला."

"म्हणजे?"

"पाइप फुटला त्या वर्षी तू ट्रॅक हलवलास ना?"

भांड्यांचा आवाज थांबला. नळ मात्र चालू राहिला. भाऊनं वाट बघितली, की ती रागावेल, नाही म्हणेल, त्या कासवाला दिलं तसं काहीतरी उत्तर देईल. नळ बंद झाला. ती हात पुसून त्याच्याजवळ आली, त्याच्या कपाळावरच्या पट्टीला बोट लावलं आणि म्हणाली, "हे मी केलं तर."

"तू कुठं, फळ्यांनी—"

"गप्प बस."

सकाळी उजाडल्या उजाडल्या ती खुरपं घेऊन मैदानावर गेली. भाऊही बरोबर. जुन्या कोपऱ्याच्या अंदाजानं ती गुडघ्यांवर बसून खणत राहिली. निवृत्त बाई गवतात खड्डे करतेय म्हणून शिपाई हरकत घ्यायला आला आणि तिचा चेहरा बघून परत गेला असावा, कारण पावलं आली तशीच गेली. शेवटी खुरपं लोखंडावर वाजलं. जुन्या ट्रॅकची खुंटी होती. तिनंच ठोकलेली आणि वर माती सारलेली. तिनं टेपचं एक टोक भाऊच्या हाती दिलं, खुंटीवर धरायला सांगितलं, आणि स्वतः नव्या खुंटीपर्यंत गेली. जे अंतर निघालं ते तिनं मोठ्यानं वाचलं. गल्लीगल्लीतून, पुलावरून, चौकातून जेवढा फरक निघाला होता तेवढाच तो होता.

आता इथं दुसरा कुणी असता तर गुपचूप फोटो सरकवून मोकळा झाला असता. भाऊनं तसं सुचवलंही. ताई म्हणाली, "आणि ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून गिरवलं त्यांनी काय करायचं?" तिनं हौशी मंडळींना सगळं लिहून टाकलं: रेघ माझी होती, मी हलवली होती, मी विसरले, गेली दोन वर्षं गाव चुकीच्या जागी आहे, दोष माझा आहे. आणि खाली, ‘कासव यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, उद्धट उत्तर दिलं, माफी मागते.’ शाळेत एवढ्या पोरांना तिनं माफी मागायला लावलं असेल, पण तिला स्वतःला मागताना भाऊनं पहिल्यांदाच ऐकलं. मोठ्यानं वाचून दाखवताना तिचा आवाज जराही हलला नाही. बहिणीचा इतका अभिमान त्याला ती सगळ्या शाळेपुढं सत्कार घेत होती तेव्हाही वाटला नव्हता.

कासवाचं उत्तर लगेच आलं, कासव असूनही. ‘मी एकदा अख्खी नदी दवाखान्यातून वाहवली होती. चला, कुठून सुरू करू?’

काम किचकट होतं. सगळं एकदम उचलून सरकवता येत नव्हतं, कारण काहींनी स्वतःच्या मोजमापानं काढलेली घरं जागेवर होती, ती उगाच बिघडली असती. फोटो पुन्हा जुळवायला ताईनं या वेळी अशा खुणा निवडल्या ज्या कुणी हलवत नाही: पुलाची दोन्ही टोकं, चौकातल्या रस्त्यांचे मध्य, बास्केटबॉलच्या सिमेंटच्या मैदानाचे कोपरे. छपरं घ्यायची नाहीत, उंच इमारती फोटोत कलतात, पायथाच खरा. प्रत्येक रस्ता जाताना एकदा, येताना एकदा चालायचा. आणि माझी म्हणून कुठलीही खूण नाही, हे तिनं स्वतःला बजावलं. तिकडं दंतवैद्य दोन रुग्णांच्या मधल्या वेळात घरं सरकवत होता. महिनाअखेर डोक्यावर आली तेव्हा निम्मंच गाव जागेवर आलं होतं, पण त्या दोन गल्ल्या सगळ्यांच्या आधी.

"आता तू जा," ताई म्हणाली.

"तू मागनं येतेस का?"

"नाही. मागनं आले तर ती परीक्षा तुझी होईल. परीक्षा माझी आहे."

लेक त्याच दिवशी दुपारी पोचणार होती. भाऊ सकाळी निघाला. रस्ता अजून उकरलेलाच होता. लाँड्रीच्या वाफेचा वास आला, तो गेला, फोनमधली बाई गप्प होती. पहिल्या गल्लीचं तोंड त्याला गालावरच्या वाऱ्यानं कळलं. ती गप्पच. मागच्या वेळी ती इथंच बोलली होती. तो थांबला, आणि त्यानं ताईवर भरवसा ठेवून पुढं पाऊल टाकलं. काही अंतरावर ती म्हणाली, आता डावीकडे वळा. तो वळला. सुताराच्या करवतीचा आवाज डावीकडून, भिंतीपलीकडून येत होता. थोड्या वेळानं समोरून बसच्या इंजिनाची घरघर ऐकू आली. डेपोच्या दारात पोचल्यावर वॉचमननं विचारलं, "भाऊ, एवढं हसू कशाचं?" भाऊ म्हणाला, "बहिणीचं."

दुपारपर्यंत त्यानं फोन घेतले, वेळा सांगितल्या, उन्हाच्या बाजू सांगितल्या. मन मात्र घरी होतं. लेक आली असेल. सामान बांधलेलं नाही हे बघितलं असेल. ताईशी भांडली असेल.

फोन वाजला.

"चौकशी."

"उद्या सकाळची पहिली थेट गाडी किती वाजता आहे?"

लेकीचा आवाज. थेट गाडी म्हणजे तिच्याच गावची.

"पावणेसातची," त्यानं ड्यूटीवरच्या आवाजात सांगितलं. "किती सीट?"

लेकीनं सीटचं सांगितलंच नाही.

"बाबा, तुम्ही मला म्हणालात तुमचं लक्ष नव्हतं."

"म्हणालो."

"आत्यानं मला घेऊन बसवलं आणि सगळं दाखवलं. ती खुंटीसुद्धा दाखवली. म्हणाली, तुला त्याला न्यायचं असेल तर प्रेमानं ने, तो हरवतो म्हणून नेऊ नकोस. तो हरवला नव्हता, मी त्याला हरवलं होतं." मग तिनं विचारलं, "आत्या असं कधी बोलते का हो?"

"नाही," भाऊ म्हणाला. "कधीच नाही."

पलीकडच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजायला लागला. भाऊनं तो वाजू दिला. त्यानं पुन्हा विचारलं, कारण विचारणं भाग होतं.

"किती सीट, बाळा?"

"एक," लेक म्हणाली. "खिडकीची मिळेल?"